पाठीमागचा डोंगर

२९ सप्टेंबर १९५५ रोजी कामचात्का द्वीपकल्पातल्या क्ल्युची गावच्या भूकंपमापकावर बारीक थरथर उमटली. गावातल्या ज्वालामुखी-निरीक्षण केंद्रातल्या कुणाला तिचे नवल वाटले नाही. गावापासून जेमतेम तीस किलोमीटरवर क्ल्युचेव्स्काया उभा. साऱ्या युरोप-आशियातला सर्वांत उंच जागृत ज्वालामुखी, पावणेपाच हजार मीटरच्या घरातला. तो दर काही वर्षांनी राख उडवतो, कधी कुशीतून लाव्हा सोडतो, आणि त्याआधी पायथ्याची जमीन हलते, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होते. ऑक्टोबर उजाडला तसे धक्के वाढत गेले आणि बघता बघता दिवसाला शंभराच्या वर गेले. केंद्राचा अंदाज एकच होता : क्ल्युचेव्स्कायाची कूस कुठेतरी फुटणार.

कूस फुटली नाही. २२ ऑक्टोबरला राखेचा लोट उठला तो क्ल्युचेव्स्कायाच्या पाठीमागून. तिथे कामेन नावाचा मोठा विझलेला डोंगर आहे आणि कामेनच्याही पलीकडे, दक्षिणेला, आणखी एक बुटका डोंगर. त्याला धड नावही नव्हते. नकाशावर ‘बेझिम्यानी’, म्हणजे बिननावाचा, एवढीच त्याची नोंद. क्ल्युचीतून तो दिसतसुद्धा नाही. तो मेलेला आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती.

वीस वर्षे एका डोंगराकडे टक लावून बसलेल्या माणसांच्या पाठीमागे दुसराच डोंगर उठला, तर त्या वीस वर्षांचे काय झाले म्हणायचे? वाया गेली, असे चटकन वाटते. माझे मत नेमके उलट आहे. त्यासाठी आधी या केंद्राची गोष्ट सांगायला हवी.

कामचात्काचे मूळ रहिवासी इतेल्मेन. नदीतले सामन मासे हे त्यांचे अन्न आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या हे हिवाळ्यातले वाहन. ज्वालामुखींजवळ ते राहत, पण चढत नसत. डोंगरात ‘गामूल’ नावाची भुते राहतात, रात्री ती उडत समुद्रावर जातात, प्रत्येक बोटाला एकेक देवमासा अडकवून आणतात आणि डोंगरात भाजून खातात, असे ते सांगत. धूर निघतो तो त्या चुलीचा. १८व्या शतकात स्तेपान क्राशेनिन्निकोव या तरुण रशियन अभ्यासकाने हे सारे टिपून ठेवले आणि त्याचबरोबर १७३७च्या शरद ऋतूतल्या क्ल्युचेव्स्कायाच्या उद्रेकाची हकीगतही लिहिली. कामचात्कावरचे त्याचे पुस्तक १७५५ साली छापून आले, पण ते हाती घ्यायला तो राहिला नाही. त्याच वर्षी तो वारला.

त्याआधी, १६९७ साली, व्लादिमीर अत्लासोव हा कोसॅक सरदार फरच्या कातड्यांचा कर गोळा करत इथवर आला होता. दिवसा धूर आणि रात्री ठिणग्या दाखवणाऱ्या या डोंगराची रशियन दप्तरातली पहिली नोंद त्याच्या नावावर आहे. १७८८ साली डॅनियल गाउस नावाचा एक माणूस दोन सोबत्यांना घेऊन शिखरापर्यंत जाऊन आला. तो बिलिंग्जच्या रशियन शोधमोहिमेतला. दोर नाही, बर्फाच्या कुऱ्हाडी नाहीत, वाट दाखवणारा कुणी नाही. हा माणूस परत कसा आला, हेच एक कोडे आहे. पुढे शे-दीडशे वर्षे येणारे आले, पाहून गेले आणि लिहून मोकळे झाले. मुक्काम कुणी ठोकला नाही.

मुक्काम ठोकायचे ठरले १९३५ साली. फ्रान्झ लेविन्सन-लेसिंग हे सोव्हिएत विज्ञान अकादमीतले वयोवृद्ध भूवैज्ञानिक. ज्वालामुखी उद्रेकाच्या वेळी धावत जाऊन पाहण्याची गोष्ट नाही, तो शांत असतानाही शेजारी राहून पाहायला हवा, असा त्यांचा आग्रह होता. इटलीत व्हेसुव्हियसच्या अंगावर १८४०च्या दशकापासून वेधशाळा होती, हवाईत किलाउएयाच्या काठावर १९१२पासून होती. पण त्या जागा माणसांच्या राबत्यातल्या. इथे मॉस्कोहून निघालेला माणूस रेल्वेने व्लादिवोस्तोकला, तिथून बोटीने कामचात्काच्या किनाऱ्याला आणि मग नदीतून उलट्या प्रवाहाने क्ल्युचीला पोहोचायचा. हिवाळा लागला की पुढचे सारे कुत्र्यांच्या भरवशावर.

केंद्र म्हणजे गावाच्या कडेला एक लाकडी इमारत. व्लादिमीर व्लोदावेत्स पहिले प्रमुख. काम ऐकायला अगदी साधे : रोज डोंगर पाहायचा, धुराचा रंग आणि उंची लिहायची, राख पडली तर गोळा करायची, वितळलेला दगड बाहेर आला तर त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे.

जितके जवळ जाता येईल तितके, हे शब्द तिथल्या लोकांनी फारच मनावर घेतले होते. १९३८ साली क्ल्युचेव्स्कायाच्या कुशीत बिल्युकाई नावाचे तोंड उघडले आणि तिथून लाव्हा महिनोन्‌महिने वाहत राहिला. केंद्रातल्या पोपकोव आणि इवानोव या दोघांना त्याचे तापमान मोजायचे होते, वायूचे नमुने घ्यायचे होते, आणि तेही काठावरून नव्हे, मधोमध. वाहत्या लाव्हावर थंड होऊन धरलेली काळी खपली असते, तापल्या दुधावर साय धरावी तशी. फक्त तिच्याखाली दूध नसून हजार अंशांच्या आसपासचा दगड असतो. पोपकोवने ॲस्बेस्टॉसचे जोडे चढवले, लोखंडी कांबीने खपली ठोकून पाहिली आणि वर पाय ठेवला. ती टिकली. मग दुसराही चढला. खपली वाहत होती आणि तिच्यासोबत हे दोघे. कधी एका पायावर, कधी दुसऱ्यावर भार देत, भेगांतून उपकरणे घालत, साधारण तासभर त्यांनी त्या तराफ्यावर काम केले आणि मग काठाला उतरले.

हा प्रसंग पुढे इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्याला सोव्हिएत वीरकथेची छटा आली आहे. आज कुठल्याही संस्थेत असे करू पाहणाऱ्याला दारातच अडवतील, आणि ते योग्यच आहे. पण त्या दोघांचे धाडस बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. ते तिथे होते. लाव्हा वाहत असताना महिनोन्‌महिने शेजारी मुक्कामाला माणसे होती, म्हणून असा दिवस निवडता आला. याच उद्रेकाच्या वायूंचा आणि दगडांचा अभ्यास सोफिया नाबोको यांनी केला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस एक तरुण स्त्री कामचात्काच्या हिवाळ्यात ज्वालामुखीच्या तोंडाशी नमुने गोळा करते आहे, ही माझ्या दृष्टीने तराफ्याहून मोठी गोष्ट. तिच्यावर वीरकथा मात्र फारशा कुणी लिहिल्या नाहीत.

(जाता जाता : क्ल्युचेव्स्कायातून येतो तो बहुतांशी बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद. आपला थिजून साडेसहा कोटी वर्षे झाली, तिथला अजून वाहतो आहे, एवढाच फरक.)

मग युद्ध आले. क्ल्युचीत बोरिस पीप केंद्र चालवत होते. १९४४च्या अखेरीस क्ल्युचेव्स्काया चवताळला आणि १ जानेवारी १९४५ला त्या उद्रेकाने कळस गाठला. पीप यांनी पाहिले ते तपशीलवार लिहिलेच, शिवाय जुनी दप्तरे, प्रवासवर्णने, गावकऱ्यांच्या आठवणी चाळून अत्लासोवपासूनच्या साऱ्या उद्रेकांची जंत्रीही जुळवली. क्ल्युचेव्स्कायाच्या चरित्राचे ते जाडजूड पुस्तक छापून बाहेर पडले १९५६ साली. नेमक्या त्याच वर्षी पलीकडच्या डोंगराने साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले. योगायोगालाही कधीकधी खोडी काढायची हौस असते.

युद्धानंतर केंद्रात भूकंपमापक बसले आणि गिओर्गी गोर्शकोव हे नाव पुढे आले. गोर्शकोव यांचे डोके वेगळ्या वाटेने चाले. त्यांनी क्ल्युचीच्या नोंदींत जपानकडच्या भूकंपांच्या लहरी पाहिल्या. भूकंपाच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या : एक दाबत-ताणत जाते, ती घन-द्रव सगळ्यांतून पार होते, दुसरी आडवी हलवत जाते, तिला द्रवातून वाट मिळत नाही. क्ल्युचीच्या दक्षिणेला ज्वालामुखींची रांग, आणि जपान त्याच दिशेला. तिकडून ज्वालामुखीच्या खालून येणाऱ्या लहरींत आडव्या लहरी नाहीशा झालेल्या दिसत होत्या. म्हणजे खाली कुठेतरी द्रव आहे. हिशेब करून गोर्शकोव यांनी सांगितले, शिलारसाचे कोठार पन्नास-साठ किलोमीटर खोल असावे. त्यांच्या आकड्यांबद्दल पुढे वाद झाले, पण दूरच्या देशातल्या भूकंपाचा दिव्यासारखा उपयोग करून डोंगराच्या पोटात डोकावण्याची ही युक्ती त्या काळात थक्क करणारी होती. ती साधली एका आडगावातल्या, एका उपकरणाच्या, वर्षानुवर्षे न चुकता बदललेल्या कागदांवरून.

तर असे हे केंद्र, आणि अशा केंद्राला १९५५च्या ऑक्टोबरमध्ये चकवा बसला.

बेझिम्यानीचा उद्रेक सुरू झाला तेव्हा गोर्शकोव यांनी चूक लगेच मान्य करून मोर्चा तिकडे वळवला. नोव्हेंबरभर राखेचे स्फोट होत राहिले. मग जोर ओसरला. विवरात घट्ट, चिकट लाव्हाचा घुमट वर येऊ लागला आणि डोंगराची आग्नेयेकडची बाजू हळूहळू फुगत गेली. हिवाळा, धुके, अंतर आणि मध्ये दोन महाकाय डोंगर. जवळून पाहणे जवळपास अशक्य. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असेच गेले. सारे निवळले असे वाटण्याजोगी परिस्थिती होती.

३० मार्च १९५६. संध्याकाळी पाच वाजून दहा-अकरा मिनिटांनी बेझिम्यानीची ती फुगलेली बाजू उडाली.

नेहमीचा ज्वालामुखी आकाशाकडे तोंड करून फुटतो. हा आडवा फुटला, आग्नेयेकडे, तोफेने नेम धरावा तसा. त्या दिशेला पंचवीस किलोमीटरपर्यंतची झाडे मोडली, मुळासकट उपटली गेली, सोलून निघाली. त्याहून पुढे उभ्या राहिलेल्या झाडांची साल करपली. पाठोपाठ राखेचा स्तंभ पस्तीस किलोमीटरच्या वर गेला. तापलेल्या दगड-राखेचे लोट दऱ्यांतून धावले. त्यांनी बर्फ वितळवले आणि झालेला चिखल दगडधोंडे घेऊन सुखाया खापित्साच्या खोऱ्यातून ऐंशी-नव्वद किलोमीटर खाली उतरला. हवेच्या दाबाची लाट जगभरच्या वायुभारमापकांवर उमटत गेली.

क्ल्युची उत्तरेला, म्हणजे स्फोटाच्या उलट दिशेला, साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर. गावावर आली ती राख. गोर्शकोव आणि त्यांच्या सहकारी गेनरिएट्टा बोगोयाव्लेन्स्काया यांनी त्या संध्याकाळचे जे वर्णन नोंदवून ठेवले आहे त्यात एकही चढा शब्द नाही, आणि म्हणूनच ते अंगावर येते. काळोख इतका, की डोळ्यांपाशी नेलेला हात दिसेना. कामावरून परतणारी माणसे स्वतःच्या गावात चुकली. घराच्या भिंतींवर आपटत, चाचपडत फिरत राहिली. ढगांत विजा सारख्या कडाडत होत्या. हवेत वीज इतकी साठली की टेलिफोनच्या घंट्या आपोआप वाजू लागल्या आणि रेडिओचे कर्णे जळून गेले. काही तासांत राख थांबली तेव्हा गावभर दोनेक सेंटिमीटरचा थर होता. केंद्राच्या लोकांनी तो मोजला, तोलला : दर चौरस मीटरला चोवीस-पंचवीस किलो.

माणूस एकही दगावला नाही. कारण सरळ आहे, त्या बाजूला माणूस नव्हताच. मुंबईहून पुण्याच्या वाटेवर जेवढी वस्ती आहे तिच्या शंभरावा हिस्सा जरी त्या खोऱ्यात असती, तरी ३० मार्च १९५६ ही तारीख आज वेगळ्या कारणाने पाठ असती.

उन्हाळ्यात गोर्शकोव आणि मंडळी तिथे पोहोचली. डोंगराचे टोक सुमारे दोनशे मीटरने खाली आले होते. शिखराच्या जागी घोड्याच्या नालेसारखे, आग्नेयेला उघडे, दीडएक किलोमीटर रुंदीचे खिंडार. खालच्या खोऱ्यात साचलेल्या गरम राखेतून हजारो ठिकाणी वाफ निघत होती. अलास्कात १९१२ साली नोव्हारुप्ताच्या उद्रेकानंतर अशीच एक दरी सापडली होती, तिला ‘दहा हजार धुरांची दरी’ म्हणतात. गोर्शकोव यांनी आपल्या दरीला कामचात्काची दहा हजार धुरांची दरी म्हटले. विवरात नवा घुमट वर येत होता.

गोर्शकोव यांचे खरे काम यानंतरचे. आडवा स्फोट ही काही अपघाताने घडलेली विकृती नाही, ज्वालामुखी फुटण्याची ती एक वेगळी रीत आहे, असे त्यांनी मांडले : आधी लहान भूकंपांची रांग, मग मध्यम उद्रेक, मग फुगवटा आणि फसवी शांतता, मग एका कुशीतून दिशा धरून स्फोट. १९५९ साली हा लेख आंतरराष्ट्रीय ज्वालामुखी-नियतकालिकात इंग्रजीत छापून आला. कामचात्का तेव्हा परदेशी माणसाला बंद. १९९०च्या सुमारास ती दारे उघडली. क्ल्युची तर लष्करी ठाणे, जवळच क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचे मैदान, तिथे जायला रशियन नागरिकालाही परवाना लागे. जगातल्या कुणाला बेझिम्यानी पाहता येत नव्हता. पण वाचता येत होता.

लोकांनी वाचला, कौतुक केले आणि कपाटात ठेवला. १९८०च्या मार्चमध्ये अमेरिकेतला सेंट हेलेन्स हलू लागला. लहान भूकंप, मग राखेचे स्फोट, मग उत्तरेकडच्या कुशीला फुगवटा, दिवसाला दीड-दोन मीटर वाढणारा. मे महिन्यात बाकी सारे थोडे निवळले. १८ मेच्या सकाळी फुगलेली कूस घसरली आणि डोंगर आडवा फुटला. सत्तावन्न माणसे गेली. त्यांत नऊ-दहा किलोमीटरवर निरीक्षणाला बसलेला डेव्हिड जॉन्स्टन हा तरुण ज्वालामुखीतज्ज्ञही होता. अमेरिकी शास्त्रज्ञांना बेझिम्यानी अजिबात ठाऊक नव्हता असे म्हणणे अन्याय होईल. त्यांना तो ठाऊक होता. आपल्या डोंगरालाही तीच रीत लागू पडेल, आणि तीही इतक्या दूरवर, हे धरून चालणे जड गेले. गोर्शकोव १९७५ सालीच वारले होते.

सेंट हेलेन्सने उलट बेझिम्यानीचेही एक कोडे सोडवले. गोर्शकोव यांनी जो खडबडीत ढिगारा स्फोटाने फेकलेला मानला होता, त्यातला मोठा भाग आधी कोसळलेल्या कड्याचा होता, हे १९८०नंतर तिथे नव्याने गेलेल्यांनी दाखवले. कडा कोसळला, आतला दाब मोकळा झाला, म्हणून स्फोट आडवा झाला. गोर्शकोव यांना क्रम कळला होता, कारण अर्धेच कळले होते. पण त्यांच्या नोंदी इतक्या नेटक्या होत्या की त्यांची चूकही त्याच नोंदींवरून दुरुस्त करता आली.

म्हणूनच त्या वीस वर्षांना मी वाया गेली म्हणत नाही. क्ल्युचीतली माणसे चुकीच्या डोंगराकडे पाहत होती हे खरे. पण ती तिथे होती, कागद फिरत होता, राख तोलायला काटा तयार होता. बेझिम्यानी केंद्राशिवाय फुटला असता तर जगाला दाबाची एक अनाकलनीय लाट तेवढी मिळाली असती. पुढे फळही दिसले : १९७५च्या जूनअखेर त्याच परिसरातल्या तोल्बाचिकजवळ धक्क्यांची रांग सुरू झाली, तेव्हा पाव्हेल तोकारेव यांनी आठवड्याभरात उद्रेक होणार असे सांगितले. ६ जुलैला जमीन फाटली, तेव्हा शास्त्रज्ञ आणि कॅमेरेवाले जवळ तळ ठोकून बसलेले होते.

क्ल्युची अजून तिथेच आहे आणि केंद्रही. ११ एप्रिल २०२३ला नदीपलीकडचा शिवेलुच फुटला आणि गावावर साडेआठ सेंटिमीटर राख पडली, १९५६च्या चौपट. आणि बेझिम्यानी? मेलेला समजला गेलेला तो डोंगर तेव्हापासून स्वतःला पुन्हा बांधतो आहे. १९४९ सालच्या हवाई छायाचित्रांपासून अलीकडच्या छायाचित्रांपर्यंत ताडून पाहणाऱ्या एका गटाने २०२० साली हिशेब मांडला. त्यांच्या मते याच गतीने वाढत राहिला, तर २०३० ते २०३५च्या दरम्यान बेझिम्यानी १९५६पूर्वीची उंची पुन्हा गाठेल.